दाजींच्या गाऱ्हाण्याची जोडणी

नवी होडी पाण्यात लोटण्याआधी दाजींनी गाऱ्हाणं घातलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने कॅमेरा सोडला आणि हात जोडले. कॅमेरा गळ्यात पट्ट्याने लोंबत राहिला. बंदही झाला नाही. त्याने गाऱ्हाणंभर सर्जेकोटच्या पुळणीवरचे पाय टिपले. भेगाळलेले पाय, पैंजणातले पाय, वाळूत रुतलेले पाय आणि मधूनच हुंगत गेलेला एक कुत्रा. दाजींचं तोंड मात्र कुठेच नाही.

"तू थयसर भक्त म्हणान गेल्लंस की कॅमेरामन म्हणान?" मी दीपेशला विचारलं होतं.

"गाऱ्हाणा चालू आसताना हात जोडूचे नाय तर काय करूचे गो?" तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. अशा माणसाशी भांडण तरी कसं करायचं?

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवापुढे उभं राहून मागणं मांडायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून जोर द्यायचा. सर्जेकोटच्या मच्छीमारांच्या वाड्यात हे काम वर्षानुवर्षं दाजी करत आले. होडी कोणाचीही असो, गाऱ्हाणं दाजींचंच. आवाज असा की समुद्राच्या लाटेने ऐकून थांबावं. दीपेशचे हात आपोआप जोडले गेले असतील तर त्यात त्याची एकट्याची चूक नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि राग येणं वेगळं.

धंदा आमचा दोघांचा. तो कॅमेरा धरतो आणि त्याने जे करून ठेवलेलं असतं ते मी निस्तरते. मालवणच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आमची खोली आहे. एक कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, आणि मी. पायांच्या जागी मी त्या वेळी ड्रोनची चार दृश्यं आणि सनईचा तुकडा घातला. होडीवाले खूश झाले, दाजींनी स्वतः बघून "बरा केलंस गो" म्हटलं, आणि ते प्रकरण मी डोक्यातून काढून टाकलं.

मग दिवाळी झाली आणि दाजींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा पाय आठवड्यागणिक सुधारत गेला, हातात हळूहळू ताकद आली. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. सगळ्या भाषेतला एकच शब्द त्यांच्याकडे शिल्लक राहिला, 'तां'. पाणी हवं असलं की तां. पंखा लाव, तां. राग आला की तोच शब्द, फक्त मोठ्याने. आणि राग तर त्यांना दिवसभर येत होता, कारण समोरच्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

एके दिवशी त्यांची बायको, पद्मावतीकाकी, मासळी बाजारातून थेट माझ्या माडीवर आली. पाटी खाली दुकानदाराच्या पायरीवर ठेवलेली, पदराने घाम पुसत दारात उभी.

"योगिनी, माका ह्यांचा गाऱ्हाणा होया," ती म्हणाली. "तोंड दिसाक होया आणि आवाज पण येवक होयो. दोनय एकदम."

मग तिने सांगितलं ते असं. कुडाळला विनीता मॅडम म्हणून बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टर आहेत, दाजींना तिकडे नेतात. मॅडमचं म्हणणं, रोजचं बोलणं मेंदूच्या ज्या भागातून येतं तो भाग दुखावला आहे; पण वर्षानुवर्षं तोंडात घोळलेलं, आरती, पाढे, शिव्या, हे कधीकधी दुसऱ्या वाटेने बाहेर पडतं. आरती दाजींना कधी पाठ नव्हती. पाढ्यांचा प्रश्नच नव्हता. शिव्या येत होत्या, पण त्या मॅडमसमोर म्हणून घेणं काकीला बरं वाटेना. राहिलं गाऱ्हाणं. मॅडम म्हणाल्या, त्यांचं स्वतःचं गाऱ्हाणं त्यांना दाखवा. स्वतःचे ओठ हलताना दिसू देत, त्याच क्षणी स्वतःचा आवाज कानावर पडू दे, आणि त्यांना बरोबर म्हणू दे. मात्र ओठ आणि आवाज मागेपुढे होता कामा नयेत. आधीच गोंधळलेल्या माणसाचा त्याने आणखी गोंधळ होतो.

"दिस जातत तशी वाट बुजता, असा त्या म्हणाल्यो," काकी म्हणाली. "माका थांबाक येवचा नाय."

"बघतंय काकी," मी म्हटलं.

"बघतंय नको. करतंय म्हण."

मासे विकणाऱ्या बाईशी घासाघीस करून आजवर कोणी जिंकलेलं नाही. मी म्हटलं, "करतंय."

ती गेल्यावर मी जुनी हार्ड डिस्क काढली आणि ते पाय पुन्हा पाहिले. दीपेशला शिव्या देणार होते, तेवढ्यात कानावर आवाज आला. दाजींच्या सदऱ्याला त्याने छोटा माइक लावला होता, आणि तो माइक थेट कॅमेऱ्यात जात होता. कॅमेरा पाय बघत होता, पण ऐकत दाजींनाच होता. स्वच्छ, भरीव, वाऱ्याचा लवलेश नसलेला आवाज. म्हणजे आवाज माझ्याकडे होता. आता तोंड शोधायचं होतं.

तोंड त्यांच्या लेकीकडे सापडलं. ओवी तारकर्लीला स्कुबावाल्यांच्या काउंटरवर बसते. तिने गाऱ्हाणं फोनवर घेतलं होतं, अगदी दाजींच्या समोर उभी राहून. त्या सगळ्या गर्दीत हात न जोडलेली ती एकटीच. तिने क्लिप लगेच व्हॉट्सॅपवर पाठवली. उघडून बघते तर दाजींच्या तोंडाच्या जागी चौकोनांचा लगदा.

मी तिला फोन लावला. "ओवी, व्हॉट्सॅप क्लिपेक दाबून दाबून पाठवता. ह्यात बाबांचे ओठ खंय आसत ते माका दाखव बघू."

"मगे कशी पाठवू?"

"पाठवू नको. फोन आणि वायर घेवन हयसर ये."

ती संध्याकाळी आली. मूळ फाइल वायरीने घेतली, तर माझ्या कॉम्प्युटरवर नुसता काळा पडदा आणि मागे वाऱ्याचा घोंघाट. ओवीचा चेहरा पडला. हे मला नवीन नव्हतं. नवे फोन व्हिडिओ ज्या पद्धतीने बांधतात ती माझ्या जुन्या सॉफ्टवेअरला उलगडत नाही, एवढंच. फाइल कन्व्हर्टरमधून काढली आणि दाजी पडद्यावर आले. कपाळावर गुलाल, डोळे मिटलेले, ओठ स्पष्ट. आवाज ऐकाल तर फक्त वारा. दाजींचा शब्दही कळत नव्हता. एका फाइलमध्ये फक्त ओठ, दुसऱ्या फाइलमध्ये फक्त आवाज. ओवी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरले. मी तिला पाणी दिलं आणि कामाला लागले.

जोडणी तशी सोपी वाटली. वाऱ्यात दाजींचा आवाज बुडाला असला तरी माणसांचा गजर बुडाला नव्हता. 'व्हय म्हाराजा' दोन्हीकडे ऐकू येत होतं. सिनेमावाले दोन पाट्या एकमेकींवर आपटून आवाज जुळवतात. आम्हांला देवाने पाटी गाऱ्हाण्यातच दिलेली. आवाजाच्या रेषेत प्रत्येक गजराचा उंचवटा दिसतो. मी पहिला उंचवटा पहिल्या उंचवट्याखाली आणला आणि चालवून पाहिलं. "बा देवा म्हाराजा!" ओठ आणि आवाज एका वेळी उघडले. मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारली. पुढचं न बघताच उठले, हेही सांगते.

पुढचं बघायच्या आधी दीपेशने ते काकीच्या फोनवर देऊनसुद्धा टाकलं. ती खाली आली होती, हा दयाळू माणूस म्हणाला, झालाच आसा, घेवन जा.

दुसऱ्या दिवशी काकी वर आली तेव्हा बसली नाही. फोन माझ्यासमोर ठेवला. काचेला तडा गेला होता.

"सुरवातीक बरे बघी होते," ती म्हणाली. "मगे तोंड आदी हलाक लागला, आवाज मागसून. ते एकदा फोनाकडे बघी, एकदा आपल्या तोंडाक हात लावन बघीत. मगे फोन फेकल्यानी आणि भितीकडे तोंड करून निजले. कालपासून 'तां'सुद्धा बोलूक नाय."

जो एक शब्द त्यांच्याकडे होता तोही आमच्या घाईने काढून घेतला होता. दीपेश दारात उभा राहून नखं बघत होता. मला त्याचा इतका राग आला होता की रडू यायच्या बेतात होतं.

"काकी, ह्या परत असा होवचा नाय," मी म्हटलं. "पुरा करून मीच घेवन येतंय. त्याच्या हाताक लागाक देवचंय नाय."

"ये," ती म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत क्लिप तपासली. काकी म्हणाली तसंच होतं. पहिल्या गजराला सगळं नेमकं, मध्यावर ओठ पुढे, शेवटाला आवाज एक अख्खा शब्द मागे. याचं कारण मला माहीत होतं आणि ते आधीच बघायला हवं होतं. फोन प्रत्येक सेकंदाला ठरलेली चित्रं घेत नाही. उजेड बदलला, फोन तापला, की आपल्या मर्जीने चार चित्रं गाळतो. आवाज मात्र आपल्या चालीने चालत राहतो. मग सॉफ्टवेअरने सगळी चित्रं सारख्या अंतरावर मांडली की दोघांची फारकत होते. त्यावर उपाय असा की क्लिप आधी कन्व्हर्टरमधून काढून सेकंदाला ठरावीक चित्रं बसवून घ्यायची. मी घाईत कन्व्हर्ट केलं होतं, पण त्या पर्यायावर खूणच केली नव्हती. केली, पुन्हा मांडलं. फारकत कमी झाली. मिटली नाही. भर दुपारच्या उन्हात ओवीचा फोन एवढा तापला होता की मध्येमध्ये तो नुसता अडखळत होता, आणि अडखळण्याला कसला हिशेब नाही.

मग मी आवाज थोडा आवळून पाहिला. शेवट जुळला, मध्य बिघडला. मध्य जुळवला, दाजींचा आवाज बारीक होऊन भलत्याच माणसाचा वाटायला लागला. चित्राचा वेग बदलून पाहिला, तर दाजी हात असे जोडायला लागले की कोणी मागून ढकलतंय. वीज गेली, इन्व्हर्टरवर काम चालू ठेवलं. कॉम्प्युटर अडकला, बंद करून चालू केला. दीपेश चहा घेऊन आला, तो तसाच निवला.

"कापून कापून लाव मां," तो म्हणाला.

"कापलंय तर दिसतला. बोलतासताना माणसाचा तोंड एकदम उडी मारता. दाजींका ताच नको आसा."

"बोलतासताना कित्या कापतंस? 'व्हय म्हाराजा'च्या वेळेक काप."

"म्हणजे?"

"अगो, गाऱ्हाणा घालणारो स्वतः 'व्हय म्हाराजा' म्हणता खंय? ता लोकांनी म्हणूचा. तेवा तो गप ऱ्हवता, तोंड मिटून. दाजी तर डोळेय उघडीत नायत." मग जरा लाजून म्हणाला, "मी होतंय मां थयसर."

मी पडद्याकडे वळले. खरंच. लोकांचा गजर होत असताना दाजींचे ओठ मिटलेले, डोळे मिटलेले, मान स्थिर. श्वास घेऊन पुढचं मागणं. प्रत्येक मागण्यानंतर तीच जागा. मी इतके दिवस त्या गजरांकडे उंचवटे म्हणून बघत होते, आणि दाजी तिथे काय करत असतात ते पाहिलंच नव्हतं. हा हात जोडून उभा राहिला होता म्हणून याने पाहिलं. दीपेशला मी तसं सांगितलं. उगाच नाकाने कांदे सोलायची सवय मला असली तरी खरं ते खरं. तो एवढा फुलला की तो निवलेला चहा त्यानेच पिऊन टाकला.

मग कामाला रीत आली. प्रत्येक 'व्हय म्हाराजा'ला चित्र कापायचं, आणि पुढचं मागणं नव्याने जुळवायचं. एका मागण्यापुरतं ओठ आणि आवाज फारसे मागेपुढे होत नव्हते. नेमकेपणासाठी मी ओठ मिटणारी अक्षरं धरली. 'बा'मधला ब, 'म्हाराजा'मधला म. ब म्हणताना ओठ एकमेकांना टेकतात आणि सुटतात. ते टेकणं ज्या चित्रात दिसतं, तिथेच आवाजातला ब यायला हवा. एक चित्र पुढे, एक मागे, पुन्हा पुढे. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी नवी होडी दर्याक दिली, ती मान्य करून घे रे म्हाराजा!" जुळलं. "तिच्या वाटेक खयचा इघ्न आडवा इला तर ता आडच्याआड बाजूक कर रे म्हाराजा!" जुळलं. "जाणत्या-नेणत्याच्या हातसून काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल रे म्हाराजा!" हे जुळवताना मला दीपेशचा कॅमेरा आठवला आणि हसू आलं.

असं करत करत शेवटच्या मागण्याला आले आणि तिथे भिंत लागली.

शेवटच्या मागण्याआधी दाजींच्या हातात नारळ देतात. तो त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. बरोबर माइकवर. दाजी जीव ओतून बोलत होते आणि माइकमध्ये नारळाच्या शेंडीची खरखर. शब्द तिच्याखाली चिरडलेले. ओवीच्या फोनमध्ये त्याच जागी वाऱ्याचा झोत. मागणं संपल्यावर दाजींनी नारळ पुढे केला आणि गजर पुन्हा स्वच्छ ऐकू आला. पण ते एक वाक्य दोन्हीकडून गेलं होतं.

वाक्य काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. वाड्यात लहान पोरसुद्धा सांगेल. दर्यात गेलेली लेकरं सुखरूप घरी आण, 'घराक हाड', हेच ते मागणं. पण मला शब्द नको होते, मला दाजींचा आवाज हवा होता. मी खरखर कमी करायला गेले, तर दाजी डब्यात बसून बोलल्यासारखे वाटायला लागले. आणखी कमी केली, तर खरखरीबरोबर दाजीही गेले. वेगवेगळी साधनं लावून पाहिली. माझ्या हातून भोक पडलेलं काम कधी बाहेर गेलेलं नाही, आणि हे तर जाऊच द्यायचं नव्हतं.

ओवीने एक ॲप शोधून आणलं. बाकीच्या गाऱ्हाण्यातला दाजींचा आवाज त्याला ऐकवायचा, पाहिजे ते वाक्य लिहायचं, की ॲप दाजींच्या आवाजात बोलून दाखवतं. मीही नको म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आम्ही ते केलं आणि काकीला बोलावून ऐकवलं. आवाज दाजींचाच, त्यात वाद नाही. पण वाक्य असं आलं की दाजी आकाशवाणीवर बातम्या देतायत.

काकीने पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "ह्यो कोण?"

"आये, बाबांचोच आवाज आसा," ओवी म्हणाली. "मशिनीन केल्लो."

"मशिनीचो कोण दर्यात गेल्लो आसा काय?" काकी म्हणाली. "नको गो. ते आदीच आपलो आवाज हरवन बसले. त्येंका दुसऱ्याचो आवाज आपलो म्हणान दाखवचो? उद्या त्येंका वाटात, आपण असोच बोली होतो. पुसून टाक ता."

"मग थयसर काय ठेवू काकी? नुसती खरखर?"

"काय ठेवू नको. रिकामा ठेव."

"रिकामा ठेवलंय तर ओठ हलतले आणि आवाज येवचो नाय. मागच्या खेपेक काय झाला ता तूच सांगलंस."

"मागच्या खेपेक खोटा होता. तोंड एक बोली, आवाज दुसरा बोली. आता खोटा नाय. नाय ता नाय," ती म्हणाली.

मी तिच्याशी वाद घातला. चांगला घातला. त्या भोकाने मागचं सगळं काम बुडेल, दाजी पुन्हा भिंतीकडे तोंड करतील, आणि त्या वेळी फोन नाही तर माझा लॅपटॉप फेकतील, सगळं बोलून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घोव माझो आसा." त्यापुढे वाद संपला. मी ॲपचा आवाज पुसला, खरखर पुसली. त्या वाक्यापुरती आवाजाची रेषा आडवी, सपाट. ती बघताना मला आतून भीती वाटत होती.

आम्ही सकाळी गेलो. काकीने त्या दिवशी बाजार केला नव्हता. ओवीने अर्धी रजा टाकली होती. त्यांच्या घरापुढच्या खळ्यात माडाच्या सावलीत दाजी खुर्चीवर बसलेले, अंगावर धुतलेला सदरा, दाढी केलेली. मला बघून त्यांनी मान फिरवली. म्हणजे ओळखलं. मी समोर स्टुलावर लॅपटॉप ठेवला, स्पीकर लावला, चालू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

दाजींची मान परत वळली. ते बघायला लागले. पडद्यावरचे ओठ आणि आवाज एकाच वेळी उघडत होते, मिटत होते. पहिला गजर झाला, दुसरा झाला. मी पडद्याकडे बघतच नव्हते, मी दाजींच्या तोंडाकडे बघत होते. तिसऱ्या मागण्याला त्यांचे ओठ हलले. 'म्हाराजा'च्या म वर ते टेकले आणि सुटले, पडद्यावरच्या दाजींच्या बरोबरीने. आवाज नव्हता. पण ओठ चालले होते. ओवीने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

मग शेवटचं मागणं आलं. पडद्यावर दाजींच्या हातात नारळ, ओठ हलतायत, आणि खळ्यात शांतता.

दाजी थांबले. पुढे वाकले. स्पीकरकडे बोट केलं. "तां," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून जोरात, "तां!" त्यांची वस्तू मी चोरली होती आणि ती मी परत करायची होती, असं ते बघणं होतं. तोवर पडद्यावर गजर होऊन गेला. माझा हात बंद करायला पुढे गेला. काकीने तो मनगटाजवळ धरला.

"परत लाव. थयसूनच."

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा ओठ, पुन्हा शांतता. दाजींनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, चेहरा लाल झाला होता. दीपेश म्हणाला, "पुरे, योगिनी." मला पुरे करायचं नव्हतं. भीती वाटत होती, तरी नव्हतं. मी काकीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी तिसऱ्यांदा लावलं.

पडद्यावरचे दाजी नारळ छातीशी धरून मुक्याने बोलायला लागले, आणि खुर्चीतल्या दाजींच्या गळ्यातून काहीतरी आलं. आधी नुसता घोगरा सूर. मग, "दर... दर्यात..." अर्धा शब्द गिळला गेला. "लेकरा..." त्यांनी डोळे मिटले. आता ते पडद्याकडे बघतच नव्हते. "घराक... घराक हाड... रे म्हाराजा."

माझं बोट केव्हा दाबलं गेलं मला कळलं नाही. पडदा थांबला होता. गजर आलाच नाही. वाऱ्याने माडाची झावळं हलत होती, बाकी काही नाही.

"व्हय म्हाराजा," पद्मावतीकाकी म्हणाली. एकटीच म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच फाटला.

दाजींनी डोळे उघडले. आधी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, एकेकाकडे. आम्ही तिघं तोंडं उघडी टाकून उभे होतो. त्यांच्या कपाळाला आठी पडली. गाऱ्हाणं झालं होतं आणि जमलेली माणसं गप्प उभी होती, वाड्यात असं कधी झालं नव्हतं. त्यांनी डावा हात वर केला, बोट आमच्यावर रोखलं आणि ओरडले, "तां!"

मग आम्ही तिघांनी जीव काढून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"